पॅच सबस्क्रिप्शनची कोणती पातळी घ्यायची? एका नागरी सहकारी बँकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातली एक नागरी सहकारी बँक. मुख्य कार्यालय आणि २३ शाखा, त्यातल्या निम्म्याहून जास्त तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावी. बँकेची ओळख पटू नये म्हणून काही आकडे थोडे मागेपुढे केले आहेत आणि विक्रेत्यांची नावं दिलेली नाहीत. निर्णय मात्र ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने लिहितो आहे.

मी बँकेच्या आयटी विभागात आहे. विभाग म्हणजे आम्ही तिघं: मी, सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणारे एक सहकारी, आणि मोटारसायकलवरून शाखा फिरणारा एक तंत्रज्ञ. सीबीएस, म्हणजे सगळ्या खात्यांचे व्यवहार सांभाळणारं बँकेचं मुख्य सॉफ्टवेअर, बाहेरच्या कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये. शाखा लीज लाइनने मुख्य कार्यालयाला जोडलेल्या, काही ठिकाणी ती लाइन फक्त २ एमबीपीएसची. काउंटरवरच्या मशीनना इंटरनेट नाही. ते फक्त मुख्य कार्यालयात, शाखाधिकाऱ्यांच्या टेबलावर आणि लोन विभागात, तेही प्रॉक्सीमधून, म्हणजे मध्ये बसवलेल्या नियंत्रक सर्व्हरमधून.

विंडोजचे पॅच, म्हणजे त्रुटी बुजवणारे अपडेट, आम्ही डब्ल्यूएसयूएसवरून देत होतो. ही मायक्रोसॉफ्टचीच, आतल्या सर्व्हरवरून सगळ्या मशीनना अपडेट वाटणारी व्यवस्था. मायक्रोसॉफ्ट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पॅच काढतं. आम्ही आठवडाभर ते चार मशीनवर बघायचो आणि मग शाखांना सोडायचो. हे काम नीट चाललं होतं, त्यामुळे "आपले पॅच अद्ययावत आहेत" असं संचालक मंडळाच्या अहवालात लिहिताना आमचा हात अडखळत नव्हता. डब्ल्यूएसयूएस आपणहून फक्त मायक्रोसॉफ्टच्याच वस्तूंचे पॅच देतं, ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती. मशीनवर बाकी किती वस्तू पडल्या आहेत हे मात्र ठाऊक नव्हतं.

अडचण

३१ जुलै २०२४ रोजी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जाहीर केलं की लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागण्याचा) हल्ला झाल्याने तिला किरकोळ पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरतं वेगळं काढलं आहे. देशभरातल्या सुमारे ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार अडल्याच्या बातम्या आल्या. आमची सीबीएस कंपनी वेगळी होती, तरी दोन दिवस काउंटरवर लोक विचारत होते, "आपली बँक चालू आहे ना?" ठेवीदाराच्या तोंडून असा प्रश्न आला की सहकारी बँकेत काम करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

पुढे एका सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणात हल्ल्याचा मार्ग जेनकिन्स या, सॉफ्टवेअर तयार करताना वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या सर्व्हरमधून गेल्याचं आलं. हल्ला जेनकिन्समधल्या ज्या त्रुटीतून झाल्याचं म्हटलं होतं तिचा पॅच जानेवारी २०२४ मध्येच निघाला होता. हे वाचल्यावर अध्यक्षांनी मला बोलावून एकच विचारलं, "विंडोज सोडून बाकीचं कोण बघतं?"

उत्तर पंधरा दिवसांत कागदावर मिळालं. त्याच सुमारास आमची वार्षिक व्हीएपीटी, म्हणजे बाहेरच्या ऑडिटरकडून होणारी सुरक्षा त्रुटींची तपासणी, चालू होती. विंडोजचं पान जवळजवळ स्वच्छ होतं, पण इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची पानं सात. फाइली झिप करणाऱ्या विनरारच्या ५ च्या घरातल्या आवृत्त्या, तेच काम करणारं जुनं सेव्हन-झिप, तीन वेगवेगळ्या पिढ्यांचे अ‍ॅडोबी रीडर, जावा, व्हीएलसी, नोटपॅड प्लस प्लस. लांबून मशीन हाताळता येणारं एनीडेस्क तर १७ मशीनवर. ते आम्ही टाकलेलंच नव्हतं. पासबुक प्रिंटर किंवा चेक स्कॅनर दुरुस्त करायला आलेले इंजिनिअर लांबून मदत घ्यायची म्हणून टाकून गेले होते. एनीडेस्कने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं जाहीर करून, सॉफ्टवेअर खरंच आपलं आहे हे पटवणाऱ्या डिजिटल सहीचं प्रमाणपत्र बदललं होतं. आमच्या १७ मशीनवर सगळ्या त्याआधीच्या आवृत्त्या होत्या.

विनरारचं उदाहरण मला सर्वांत जास्त टोचलं. ते स्वतःहून अपडेट होत नाही. त्यातली सीव्हीई-२०२३-३८८३१ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीला दिलेला क्रमांक) ही त्रुटी ऑगस्ट २०२३ मध्ये ६.२३ आवृत्तीत बुजवली गेली, आणि हल्लेखोर ती एप्रिलपासून वापरत होते, तेही शेअर आणि क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्यांची खाती लुटायला. आमच्याकडे वर्षभरानंतरही ती तशीच होती, कारण विनरार "बघणं" कोणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं.

नियमाचा मुद्दाही होता. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकात नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट घालून दिली. सर्व्हर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि अ‍ॅप्लिकेशन सॉफ्टवेअर या तिन्हींच्या पॅचची स्थिती शोधा, नोंदवा, तिच्यावर लक्ष ठेवा, असं त्यात आहे. "अ‍ॅप्लिकेशन" हा शब्द आम्ही इतकी वर्षं फक्त सीबीएसपुरता वाचला होता.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय जुनाच: तंत्रज्ञाने शाखा फिरायच्या. रोज एक शाखा धरली तर २३ शाखांना कामाचा पूर्ण महिना जातो. क्रोमचे सुरक्षा अपडेट ऑगस्ट २०२३ पासून दर आठवड्याला येतात. म्हणजे शेवटच्या शाखेत पोचेपर्यंत पहिल्या शाखेतला क्रोम तीन-चार अपडेट मागे पडलेला असतो. या हिशेबावर चर्चाच झाली नाही.

दुसरा फुकटचा: विंगेट किंवा चॉकलेटी या सॉफ्टवेअर आपोआप बसवणाऱ्या साधनांवर आधारलेल्या स्क्रिप्ट. माझे सहकारी या पर्यायाचे होते आणि त्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. मुख्य कार्यालयातल्या पाच मशीनवर त्यांनी ते करून दाखवलं. पण काउंटरच्या मशीनला इंटरनेट नाही, म्हणून सगळ्या फाइलींचं भांडार आतल्या सर्व्हरवर आम्हीच ठेवायचं, प्रत्येक नवी आवृत्ती आम्हीच आणायची आणि तपासायची, कुठे बसली कुठे नाही याचा अहवालही आम्हीच बनवायचा. ते सहकारी सुट्टीवर गेले की काम थांबणार होतं. तीन माणसांच्या विभागात हा धोका मला मोठा वाटला.

तिसरा पर्याय मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनसारखी ढगातली, म्हणजे इंटरनेटवरून मशीन सांभाळणारी व्यवस्था. तिच्यासाठी प्रत्येक मशीन इंटरनेटला जोडलेलं हवं आणि परवान्याचा खर्च वेगळा. काउंटरवर इंटरनेट न देण्याचं आमचं धोरण पॅचसाठी मोडणं म्हणजे चोराच्या भीतीने दार बदलायला घेऊन रात्रभर घर उघडं ठेवणं.

चौथा पर्याय म्हणजे थर्ड-पार्टी, म्हणजे मायक्रोसॉफ्ट सोडून इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरचे पॅच पुरवणारं सबस्क्रिप्शन. यात कंपनी शेकडो सॉफ्टवेअरची यादी सांभाळते. नवी आवृत्ती आली की तपासून तिचं पॅकेज बनवते. ते मुख्य कार्यालयातल्या एका सर्व्हरवर उतरतं, आमच्या प्रमाणपत्राने त्यावर डिजिटल सही होते आणि डब्ल्यूएसयूएसमधून शाखांना जातं. काउंटरच्या मशीनला ते विंडोजच्या पॅचसारखंच दिसतं. इंटरनेट फक्त त्या एका सर्व्हरला लागतं. आमच्या रचनेत हाच बसत होता, यावर आम्हा तिघांचं आठवडाभरात एकमत झालं.

खरी ओढाताण पुढे, पातळीवर झाली. तीन विक्रेत्यांची कोटेशनं आली आणि तिघांकडेही तीन पातळ्या होत्या. नावं वेगळी, आतला ढाचा एकच. पायाच्या पातळीत मशीनवर आधीच असलेल्या सॉफ्टवेअरचे अपडेट. मधल्या पातळीत त्याशिवाय नव्याने बसवण्याची पॅकेजं, अपडेटच्या आधी-नंतर स्क्रिप्ट चालवण्याची सोय, आणि सॉफ्टवेअर वापरात असेल तर थांबणं किंवा वापरणाऱ्याला विचारणं. वरच्या पातळीत यादीत नसलेल्या, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरची पॅकेजं बनवणं, सविस्तर अहवाल आणि तातडीची मदत. दर प्रत्येक मशीनमागे, वर्षाचा. ज्या विक्रेत्याशी आम्ही शेवटी करार केला त्याची मधली पातळी पायाच्या साधारण दीडपट होती आणि वरची अडीचपट.

मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं, पायाची घ्या, पुढच्या वर्षी बघू. विक्रेत्याचा माणूस वरच्या पातळीचा आग्रह धरत होता: "सर, बँक आहे, ऑडिट आहे, अर्धवट कशाला घेता?" मला मधली बरोबर वाटत होती, पण का, हे मला सांगता येत नव्हतं. दोन टोकं टाळायची म्हणून मधलं धरायचं, एवढाच माझा आधार होता. हे उपसमितीपुढे बोलायच्या लायकीचं नव्हतं, म्हणून मी मुदत मागून घेतली.

पहिला निर्णय: आधी मोजायचं

विक्रेत्यांनी कोटेशन ३५२ मशीनचं दिलं होतं, कारण अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे बँकेच्या जाळ्यातल्या मशीनच्या नोंदवहीत, तेवढी नावं होती आणि ती यादी मीच पाठवली होती. बारकाईने पाहिल्यावर त्यातली ८१ मशीन ९० दिवसांत एकदाही जोडली गेलेली नव्हती. भंगारात गेलेली, नाव बदलून पुन्हा बसवलेली, बंद पडलेल्या विस्तार कक्षातली. उरली २७१. उलट पाच जुन्या शाखांमधली ३८ मशीन डोमेनमध्ये, म्हणजे त्या नोंदवहीच्या ताब्यात, घेतलेलीच नव्हती, ती यादीत कुठेच नव्हती. एकूण खरा आकडा ३०९. मशीनमागे दर असताना ४३ मशीनचे पैसे वाचले, पण त्याहून मोलाची होती ती सापडलेली ३८. ती आमच्या नजरेबाहेर वर्षानुवर्षं चालली होती, आणि त्यांच्यावरून रोज पैशांचे व्यवहार होत होते.

मग सॉफ्टवेअर मोजलं. तीनशे मशीनवर मिळून ११६ वेगवेगळी नावं निघाली. प्रत्येक नावापुढे आम्ही एकच रकाना ठेवला: हे कोणाला लागतं? ज्याच्यापुढे पंधरा दिवसांत कोणत्याही शाखेने किंवा विभागाने नाव लिहिलं नाही, ते काढायचं. व्हीएलसी गेलं. दोन पिढ्यांचे रीडर गेले. विनरारऐवजी सगळीकडे सेव्हन-झिप. एनीडेस्क तर त्याच दिवशी काढलं आणि हार्डवेअरवाल्यांसाठी नियम लावला की लांबून मदत हवी असेल तर मुख्य कार्यालयाला फोन करायचा, आम्ही वेळेपुरती जोडणी देऊ. एक-दोन शाखाधिकारी नाराज झाले. "साहेब, प्रिंटर बंद पडला की गिऱ्हाईक पासबुक आमच्या तोंडावर धरतं, तुम्ही तिकडे बसता," असं एकांनी सुनावलं. त्यांचं चूक नव्हतं. म्हणून फोन आल्यापासून दहा मिनिटांत जोडणी द्यायचं आम्ही कबूल केलं आणि ते पाळलं.

सहा आठवड्यांनी ११६ ची यादी ३४ वर आली. त्या ३४ पैकी २५ विक्रेत्याच्या यादीत होती, ९ नव्हती. चेक स्कॅनरचं सॉफ्टवेअर, पासबुक छपाईची उपयोजना, नोटिसांसाठी लागणारं जुन्या फाँटचं मराठी टायपिंग, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर अशी ती नऊ.

इथे पातळीचा प्रश्न अचानक छोटा झाला. विक्रेता शेकडो सॉफ्टवेअरची यादी दाखवत होता, पण आम्हाला त्यातली २५ हवी होती, आणि ती पंचवीसही पायाच्या पातळीत मिळत होती. वरच्या पातळीची किंमत त्या नऊसाठी मोजायची होती. आम्ही नऊंचा मागचा इतिहास काढला. तीन वर्षांत मिळून त्यांच्या सात नव्या आवृत्त्या आल्या होत्या. वर्षाला दोन-अडीच. एवढ्यासाठी ३०९ मशीनमागे अडीचपट दर देणं पटण्यासारखं नव्हतं. मुख्य कार्यालयातली साठेक मशीन वरच्या पातळीवर आणि शाखा खालच्या, असं चालेल का तेही विचारलं. एका सर्व्हरला एकच पातळी, असं उत्तर आलं.

दुसरा निर्णय: चाचणी कोणत्या पातळीची

तीस दिवसांची चाचणी मिळाली आणि पहिल्या आठवड्यात सगळं सुरळीत झालं. दोन शाखा, २६ मशीन, एकही तक्रार नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणाले, "मग पायाचीच घेऊ, काम तर होतंय." माझ्याही मनात तेच आलं होतं. सहकाऱ्यांनी थांबवलं. त्यांनी सेटिंग उघडून दाखवलं: चाचणीच्या किल्लीत, म्हणजे लायसन्स कीमध्ये, वरच्या पातळीचं सगळं खुलं होतं. आम्ही जे पाहत होतो ते अडीचपट किमतीचं काम होतं, आणि त्यावरून एकपट किमतीचा निर्णय घ्यायला निघालो होतो.

आम्ही विक्रेत्याकडे पायाच्या पातळीची किल्ली मागितली. त्यांना ते रुचलं नाही, आठवडा घालवला, पण दिली. दिवाळीनंतर, नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यात, त्याच दोन शाखांत पुन्हा चाचणी केली. तिसऱ्याच दिवशी भर दुपारी लोन विभागात कर्जप्रकरणाची कागदपत्रं उघडी असताना रीडरचं अपडेट आलं आणि रीडर बंद झाला. समोर कर्जदार आणि दोन जामीनदार बसलेले. नुकसान काही झालं नाही, पण त्या मॅडमनी फोनवर जे विचारलं ते अगदी रास्त होतं: "हे रोज होणार आहे का?" दुसऱ्या शाखेत उलटं झालं. ब्राउझर सकाळपासून उघडा होता, त्यामुळे अपडेट बसलंच नाही, आणि अहवालात ते मशीन चार दिवस नापास दिसत राहिलं.

वेळ बदलून रात्री करावं तर शाखांतली मशीन दिवसअखेर झाल्यावर बंद होतात, तालुक्याच्या गावी तर मेन स्विचच खाली ओढतात. म्हणजे अपडेट कामाच्या वेळेतच बसणार. मग सॉफ्टवेअर वापरात असेल तर थांबणं, विचारणं, दोनदा पुढे ढकलू देणं आणि तिसऱ्या वेळी बसवणं ही सोय आमच्यासाठी अत्यावश्यक ठरली. ती मधल्या पातळीत होती.

मधल्या पातळीच्या माहितीपत्रकात सर्वांत वर, ठळक अक्षरांत होती ती नव्याने बसवण्याची पॅकेजं. ती आमच्या उपयोगाची नव्हती, कारण त्या विक्रेत्याची ती पॅकेजं नुसत्या डब्ल्यूएसयूएसवरून बसत नव्हती, त्यांना कॉन्फिगरेशन मॅनेजर (मायक्रोसॉफ्टचीच मोठी व्यवस्था) किंवा इंट्यून लागत होतं. ज्यासाठी आम्ही दीडपट पैसे दिले ती ओळ तळाशी होती, बारीक अक्षरांत. उपसमितीपुढे मी तीच ओळ वाचून दाखवली आणि लोन विभागातला प्रसंग सांगितला. पाच मिनिटांत मंजुरी मिळाली. मुदत मागितली तेव्हा माझ्याकडे हे कारण नव्हतं.

जावाची गाठ

पंचवीसपैकी एकावर मात्र आम्ही अडलो. लेखा विभागात टीडीएसचं विवरणपत्र बनवण्याचं आणि तपासण्याचं सॉफ्टवेअर जावावर चालतं. तिथल्या मशीनवर ओरॅकलचं जावा ८ होतं, अपडेट २०२ च्या मागचं. सबस्क्रिप्शनच्या यादीत जावा होतं, एक खूण केली की सगळीकडे अद्ययावत झालं असतं.

पण एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या अपडेट २११ पासून ओरॅकलने परवाना बदलला. व्यावसायिक वापरासाठी त्यापुढच्या जावा ८ च्या अपडेटना पैसे भरून सबस्क्रिप्शन लागतं. आणि जानेवारी २०२३ पासून ओरॅकलचा नवा दर एकूण कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आहे, जावा किती मशीनवर आहे यावर नाही. म्हणजे सात मशीन सुरक्षित करायला केलेल्या एका खुणेने बँकेवर सगळ्या कर्मचाऱ्यांच्या हिशेबाने परवान्याचा प्रश्न उभा राहिला असता. पॅच देणारी यंत्रणा हे विचारत नाही. तिचं काम नवी आवृत्ती बसवणं, आणि ते ती चोख करते.

आम्ही ओरॅकलचं जावा यादीतून वगळलं, सातही मशीनवरून काढलं आणि टेम्युरिन ही ओपनजेडीकेची, म्हणजे मुक्त स्रोत जावाची, मोफत आवृत्ती बसवली. एका तिमाहीचं विवरणपत्र दोन मशीनवर पूर्ण करून पाहिलं, मगच बाकीच्यांना दिली. टेम्युरिनही विक्रेत्याच्या यादीत होतंच. या प्रकरणातून कोणी एकच गोष्ट उचलणार असेल तर ही उचलावी: "सगळं आपोआप मंजूर" या पर्यायावर टिचकी मारण्यापूर्वी यादीतल्या प्रत्येक नावाचा परवाना वाचावा.

तिसरा निर्णय: एक वर्ष की तीन

तीन वर्षांचा करार केला तर चांगली सवलत होती आणि वित्त विभागाला ती हवी होती. त्याच काळात, २० सप्टेंबर २०२४ रोजी, मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएसयूएसचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं. चालू राहील, पॅच मिळत राहतील, पण नव्या सुविधा येणार नाहीत. आमची सगळी मांडणी डब्ल्यूएसयूएसवर उभी होती.

हे ऐकून थांबायचं का? आम्ही थांबलो नाही. सात पानांच्या त्रुटी समोर असताना पुढच्या पाच वर्षांची रचना ठरेपर्यंत वाट पाहणं परवडणारं नव्हतं. पण तीन वर्षं बांधूनही घेतलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एका वर्षाचा करार केला, रुपयांत, भारतातल्या वितरकाकडून, म्हणजे डॉलरच्या चढउताराची चिंता नको. सवलत सोडली. वित्त विभागाला ते आजही पटलेलं नाही, आणि त्यांची बाजू अगदीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही.

अंमलबजावणी

जानेवारीत सुरुवात केली, चार-चार शाखांच्या गटाने. प्रमाणपत्र ग्रुप पॉलिसीने, म्हणजे डोमेनमधल्या मशीनना एका जागेवरून सेटिंग देण्याच्या सोयीने, सगळ्या मशीनवर गेलं, आतल्या सर्व्हरवरच्या सही केलेल्या अपडेटना परवानगी देणारं धोरणही लागू केलं. अंतर्गत सर्व्हर आणि मशीन यांच्यातला संवाद एचटीटीपीएसवर आणला, म्हणजे कूटबद्ध केला. बारीक लाइन असलेल्या शाखांत एका मशीनने फाइल उतरवून शेजारच्यांना द्यावी म्हणून डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू केलं, आणि बँकिंगच्या वेळेत वेगावर मर्यादा घातली.

चूक झाली ती डोमेनबाहेरच्या ३८ मशीनवर. ती आम्ही मोठ्या कष्टाने शोधली होती, पैसे मोजताना धरली होती, पण चाचणीच्या दोन्ही शाखा डोमेनमधल्या निवडल्या. ग्रुप पॉलिसी डोमेनबाहेर पोचत नाही. त्या मशीनवर आमचं प्रमाणपत्र गेलंच नाही आणि प्रत्येक अपडेट सहीच्या कारणाने नाकारलं गेलं. दोन आठवडे आम्ही नेटवर्कमध्ये दोष शोधत बसलो. शेवटी तंत्रज्ञाने पाचही शाखा फिरून मशीन डोमेनमध्ये घेतली. जे डिसेंबरमध्ये करायचं ते फेब्रुवारीच्या शेवटी झालं, मार्चएंडच्या तोंडावर, शाखांना सर्वांत जास्त काम असताना.

१५ मार्च ते ५ एप्रिल आम्ही अत्यंत गंभीर त्रुटी सोडून सगळी अपडेट रोखली. वर्षअखेरीला शाखेला दुसरी कोणतीही काळजी नको.

परिणाम

पहिल्या महिन्यात ३०९ पैकी १९४ मशीनवर पंचवीसही सॉफ्टवेअर अद्ययावत झाली. जूनअखेर हा आकडा २८८ वर गेला. उरलेली २१ जुनी मशीन विंडोज १० ची होती. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार असल्याने ती बदलायचीच ठरली होती.

जानेवारी २०२५ मध्ये सेव्हन-झिपमधली सीव्हीई-२०२५-०४११ ही त्रुटी जाहीर झाली. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीवरची विंडोजची खूण तिच्यामुळे गळून पडत होती. ती २४.०९ आवृत्तीत आधीच बुजवलेली होती, आणि ज्या शाखांपर्यंत आम्ही पोचलो होतो तिथे तीच आवृत्ती बसलेली होती. ऑगस्टमध्ये विनरारमधल्या सीव्हीई-२०२५-८०८८ ची बातमी आली, तीही हल्ल्यांत वापरली जात असल्याची. अध्यक्षांचा फोन आला. मी अहवाल काढला: विनरार दोन मशीनवर, दोन्ही एकाच शाखेत, कोणीतरी पुन्हा टाकलेलं. अर्ध्या तासात काढलं आणि उलट फोन केला. वर्षापूर्वी याच प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पंधरा दिवस आणि बाहेरचा ऑडिटर लागला होता.

त्या वर्षीच्या व्हीएपीटीत थर्ड-पार्टी सॉफ्टवेअरची सात पानं दीड पानावर आली. दीड पान बहुतेक त्या नऊंचं होतं.

आज करायचं झालं तर

कोटेशन मागवण्याआधी मोजणी करेन. आम्ही उलटं केलं आणि त्यामुळे विक्रेत्याच्या पातळ्यांच्या चौकटीतच दोन महिने वाद घालत बसलो. रिझर्व्ह बँकेच्या त्या परिपत्रकातही आधी मालमत्तेची नोंद, मग अनधिकृत सॉफ्टवेअर, आणि पॅचचा मुद्दा त्यानंतर येतो. तो क्रम आम्ही नुसता वाचला होता.

चाचणीसाठी सर्वांत अडचणीची शाखा निवडेन: डोमेनबाहेरची, २ एमबीपीएसची, जिथला शाखाधिकारी फोनवर रागावतो तीच. आणि चाचणी पहिल्या दिवसापासून, जी पातळी विकत घ्यायची शक्यता आहे तिच्याच किल्लीने.

अहवाल कोण वाचणार हे करारापूर्वी नावानिशी ठरवेन. पहिले तीन महिने तो सोमवारी सकाळी मीच पाहत होतो. मे महिन्यात मी दहा दिवस रजेवर गेलो आणि परत आलो तेव्हा एका शाखेतली अकरा मशीन डिस्क भरल्यामुळे अडकलेली होती, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता सहकारी आणि मी आलटून पालटून पाहतो आणि वहीत सही करतो.

एका वर्षाच्या कराराबद्दल माझं मन अजून पूर्ण ठरलेलं नाही. डब्ल्यूएसयूएस अजून चालू आहे, सवलत मात्र गेली.

त्या नऊ सॉफ्टवेअरबद्दल मी आज जास्त कडक राहीन. वरची पातळी न घेण्याचा निर्णय बरोबर होता, पण तो घेतल्यावर ती नऊ आम्ही बाजूला ठेवली आणि वर्षभर ती तशीच राहिली. नऊही पुरवठादारांना आम्ही पत्रं पाठवली ती २०२५ च्या सप्टेंबरमध्ये: तुमच्या सॉफ्टवेअरची सध्याची आवृत्ती कोणती, सुरक्षा त्रुटी सापडल्यास कळवणार कसं, आणि किती दिवसांत. तिघांची उत्तरं आली. चेक स्कॅनरवाल्यांनी नवी आवृत्तीही दिली. बाकीच्या सहांच्या वार्षिक देखभाल करारांत हाच मजकूर अट म्हणून घालायचा ठराव उपसमितीने केला आहे, आणि त्यातला पहिला करार मार्चमध्ये नूतनीकरणाला येतो.